देव आहेस की बरणी?

धाकल्याला नाद लागला तो अच्छाडच्या ढाब्यामागे, आणि तानीला लागला तो डहाणूच्या बंगल्यात. त्याचा नाद बाटलीत मावायचा, तिचा घरात मावेना, एवढाच काय तो नवराबायकोत फरक.

तानी विवळवेढ्याच्या अलीकडच्या पाड्यातली. रोज सकाळी हायवेला यायचं, महालक्ष्मीच्या देवळाच्या दिशेला हात जोडायचे, ईको गाडीत मिळेल त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि डहाणू गाठायचं. तिथे समुद्राच्या अंगाला, चिकूच्या वाडीत निलम मॅडमचा बंगला. मॅडम मुंबईच्या, शनिवारी येणार आणि रविवारी जेवून जाणार. मधले दिवस बंगला तानीचा आणि धुळीचा.

त्या बंगल्यात भांडी दोन जातींची. सैपाकघरातली स्टीलची, ती वापरायची. दिवाणखान्यातली मातीची आणि चिनी मातीची, ती नुसती बघायची. कान तुटलेली किटली, झाकण हरवलेल्या लोणच्याच्या बरण्या, कुणा इराण्याच्या घरातून निघालेल्या फुलाफुलांच्या बशा. एक तर चक्क ताडीचं मडकं होतं. पाड्यात ज्याला कुत्रंही तोंड लावणार नाही असलं, आतून चुन्याने पांढरं झालेलं मडकं इथे भिंतीच्या कोनाड्यात बसलेलं आणि त्याच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा बल्ब. तानीच्या घरात तेव्हा माणसांनाही माणशी एक बल्ब नव्हता.

नवीन असताना तिने किटलीत खराट्याच्या काड्या खोचून ठेवल्या, तर मॅडम अशा ओरडल्या की चिकूवरची वटवाघळं उडाली.

"मग ह्यात काय ठेवायचं, मॅडम?"

"काहीच नाही."

"मग हे आहे कशाला?"

"बघायला."

तानीला वाटलं, बाई बिचारी शिकून शिकून अशी झाली. पण पुसायचं म्हणजे हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की बघावं लागतं. पुसता पुसता तिला दिसलं की मडक्याच्या गळ्याशी कुंभाराचा अंगठा उमटलाय. बशीवरचं एक फूल रंगवताना कुणाचा तरी हात हललाय, कुणीतरी मागून हाक मारली असेल. अशी सवय होता होता एक दिवस ती स्वतःच्या घरी, भिंतीशी पालथ्या पडलेल्या भाकरीच्या खापरीसमोर उकिडवी बसली होती आणि चुलीवरचा भात करपत होता.

तिचं नवं घर नुकतंच झालेलं. सरकारी घरकुल, अर्ध्या विटेच्या भिंती, खाली गुळगुळीत लादी, आणि पुढच्या खोलीत एक कोपरा मोकळा. धाकल्या म्हणाला तिथे टीव्ही ठेवू. सासू बायजी म्हणाली तिथे भाताची कणगी ठेवू. तानीने तिथे भांडी ठेवली. तोटी नसलेली किटली, चीर गेलेली बरणी, टवका उडालेल्या तीन बशा. भंगारवाल्याकडून तिने ज्या वस्तू घरी आणल्या, त्या पाहून भंगारवालाच कधीकधी म्हणायचा, "बाय, ही फुकट ने, मला लाज वाटते."

बायजी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "बघा, आमचा संसार! लोक फुटकं बाहेर टाकतात, आमची सून गाडीभाडं देऊन घरात आणते."

"आय, तुला काय त्रास होतो त्याचा?"

"मला कसला त्रास? मी पण फुटकीच आहे, म्हणून तर ठेवलंयस!"

धाकल्या आठवड्याने ढाब्यावरच्या कामावरून यायचा, भांड्यांकडे बघायचा आणि हताश होऊन म्हणायचा, "माझा ग्लास फुटला की बाहेर. हिचा फुटला की शोकेस."

मग ती मोठी बरणी आली.

धाकटी डहाणू गावात दक्षाकाकीकडे तानी सुके बोंबील घ्यायला जायची. काकीच्या अंगणात, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, एक काळसर तपकिरी बरणी उभी असायची. मांडीला लागेल एवढी उंच, पोटाशी गोल, खांद्यावर चार इवलेसे कान, आणि अंगावर वेटोळं घातलेलं कसलंसं जनावर. काकीच्या आजेसासऱ्याच्या जाळ्यात सापडलेली म्हणे. पिढ्यान् पिढ्या तिच्यात मीठ भरत होते, आता केरसुणी ठेवत होते.

"काकी, ही देता का मला?"

"काय करशील? पाणी पाझरतं तिच्यातनं."

"बघेन."

"काय बघशील?"

"तिलाच."

काकीने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. बोंबील घ्यायला येणारी बाई, पैसे वेळेवर देणारी, तिला असं अचानक काय झालं? पण बदल्यात झाकणाचा निळा प्लास्टिकचा ड्रम देते म्हटल्यावर काकीचा चेहरा उजळला. ड्रम हातात पडेपर्यंत तिने केरसुणी काढून बरणी धुऊनसुद्धा ठेवली, हिचा विचार बदलायच्या आत. दोघींनाही वाटलं आपण समोरचीला गंडवलं, इतका चांगला सौदा क्वचित होतो.

ईकोत बरणीला मधली सीट लागली. ड्रायव्हर म्हणाला दोन माणसांचं भाडं होईल, तिचं पोट मोठंय.

घरी कोपऱ्यातल्या बाकीच्या भांड्यांना मागे सारून तानीने तिला पुढे बसवलं. संध्याकाळचं ऊन दारातून आत आलं आणि बरणीच्या खांद्यावर येऊन थांबलं. तानी समोर बसली. तिच्या आयुष्यात प्रत्येक वस्तू कशाला तरी होती. कोयता तोडायला, हंडा पाण्याला, अगदी नवरासुद्धा रेशनच्या ओळीत उभं राहायला. ही बरणी मात्र कशालाच नव्हती, आणि ती तिची होती. कामावरून आल्यावर घोटभर चहा घेऊन तेवढा वेळ तिच्यासमोर बसायचं, एवढी तिची चैन.

हे सगळं मॅडमनी बिघडवलं. वाईट हेतूने नाही, भांड्यावरच्या प्रेमाने.

तानीने बरणीचं वर्णन केल्यावर मॅडमना राहवेना. रविवारी त्या गाडी घेऊन पाड्यात आल्या. दारात चपला काढल्या. बरणी बघितली. मग त्या गुडघ्यांवर बसल्या. मग कोपरं टेकली. मग कपाळ लादीला लागेपर्यंत वाकल्या. जुन्या भांड्याचं खरंखोटं त्याच्या बुडाशी कळतं, तिथे बनवणाऱ्याची खूण असते, म्हणून त्यांना बूड बघायचं होतं. तानीने बरणी जराशी कलती केली, मॅडमनी मोबाईलचा टॉर्च मारला आणि तशाच, साडी धुळीत, बराच वेळ जमिनीला नाक लावून राहिल्या.

खिडकीत शेजारचा लडक्या आणि त्याच्यामागे पलीकडच्या घरातली नवशी उभी होती. त्यांना बूड दिसलं नाही. त्यांना दिसलं ते असं: मुंबईची शिकलेली, गाडीवाली बाई तानीच्या घरातल्या बरणीसमोर साष्टांग पडलीय.

वर मॅडम उठताना काय बोलाव्यात? "तानी, अशी वस्तू आपण आणत नाही ग. ती आपल्याकडे येते."

"किती जुनी असेल, मॅडम?"

"दोनशे वर्षं. किंवा पन्नास. पण काहीतरी आहे तिच्यात. हात लावला की कळतं."

गाडी हायवेला लागायच्या आत पहिला नारळ आला.

नवशीने आणला. तानी म्हणाली, "नवशीवहिनी, बरणी आहे ती."

"हो हो," नवशी म्हणाली आणि नारळ ठेवला.

बरणीवरचं जनावर कोण यावर दोन दिवस चर्चा झाली. लडक्या म्हणाला नाग. कुणीतरी म्हणालं नागाला पाय कुठे असतात, हा वाघदेव. मॅडम जाताना ड्रॅगन म्हणाल्या होत्या, पण त्या नावाचा देव आपल्याकडे कोणी ऐकलेला नव्हता, म्हणून ते बाद झालं. शेवटी नाग आणि वाघ दोघांनीही एकत्र राहावं असं ठरलं.

फुलं आली, उदबत्ती आली. तानी कामावरून येऊन बघते तर बरणीच्या एका कानाला शेंदूर! तिचं डोकंच फिरलं. पण करणार काय? घासून काढावा तर देवाची विटंबना, ठेवावा तर बरणीची.

आणि पुजारी कोण? बायजी! जी कालपर्यंत भांड्यांना शिव्या घालत होती, ती आता खुर्ची टाकून दारात बसलेली. "चपला बाहेर. एकेकाने या. मागायचं ते हळू मागा, इथे काय बाजार नाही." म्हातारीच्या पायांचं दुखणं पार पळालं. तिच्यापुरता तर बरणीने चमत्कार केलाच होता.

तानीने उपाय करून पाहिले. बरणीत सुके बोंबील भरून ठेवले, वास तरी लोकांना हाकलेल. लोकांनी नाकाने श्वास घेतला आणि म्हणाले, जागृत आहे, नैवेद्य मागून घेतला. धाकल्याने आपली बाटली बरणीमागे लपवली, ती सापडली, तर म्हातारे समाधानाने माना डोलावू लागले. आमच्याकडच्या देवांना कोंबडं चालतं, दारू चालते. शाकाहारी देव असता तर तानी पहिल्याच दिवशी जिंकली असती.

चहा घेऊन बसायला आता जागाच नव्हती. ती सैपाकघरात बसायची आणि अर्ध्या विटेच्या भिंतीतून पाड्याच्या मागण्या ऐकायची. हळू मागा म्हटलं तरी माणसाला देव बहिरा वाटतो. लडक्याला हवं होतं की शेजारच्या सुरजच्या नव्या बोअरला पाणी लागू नये. नवशीला हवं होतं की सुनेने माहेरी जावं आणि महालक्ष्मीची जत्रा होईपर्यंत येऊ नये. सुरज आला, त्याला हवं होतं की लडक्याच्या कोंबड्याचा आवाज कायमचा बसावा. तानी चहा ढवळत विचार करायची, खरंच देव असेल तर एव्हाना घाबरून समुद्रात परत गेला असेल.

मग एका संध्याकाळी लडक्याने जाहीर केलं, "देव माणसांच्या घरात ठेवत नाहीत. हा धाकल्या तिकडे पाय करून झोपतो. जत्रेच्या आधी ह्याला वेशीवर, उंबराखाली नेऊन बसवू. ओटा बांधू."

सगळ्यांनी माना हलवल्या. बायजीचीही मान हलली, जरा उशिराने.

उंबराखाली बाकीचे देव होते, पण ते दगडाचे. त्यांच्यावर शेळ्या चढायच्या, पोरांचा चेंडू आदळायचा, त्यांना काही होत नव्हतं. बरणी तिथे पावसाळ्यापर्यंत टिकली असती तर नवल. आणि तानी नाही म्हणाली तर? देवाला घरात कोंडून ठेवणारी बाई, असं नाव झालं असतं. उद्या कुणाची शेळी मेली तरी तानीच्या दारात.

त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच खात्री नव्हती. देवावर तिची श्रद्धा होती, गाजावाजा न करणारी, सकाळी उठल्याबरोबरची. देव कुठेही असू शकतो असं ती लहानपणापासून मानत आली होती. मग बरणीतच नसेल कशावरून?

मंगळवारी ती कामावर न जाता महालक्ष्मीला गेली. रांगेत उभी राहिली. समोर आल्यावर मनात म्हणाली, आई, ती तू आहेस का? असशील तर सांग, मी स्वतः उचलून तुझ्याकडे आणते. नसशील तर माझी बरणी मला राहू दे. बाकी काही नको.

"पुढे चला," मागून आवाज आला. तो देवीचा नव्हता, रांग सांभाळणाऱ्याचा होता. पण तानी पुढे चालली, ती सरळ शेजारच्या पाड्यात हाल्या भगताकडे. देवाचं काम देवाच्या माणसानेच बघावं.

हाल्या भगत अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"अजून एक? अगो पोरी, आहेत तेच देव मला आवरत नाहीत. ह्याचं कोंबडं, त्याचा नारळ, त्या टेकडीवरच्याला दर वर्षी वर जाऊन भेटायचं. गुडघे माझे गेले. देवांना कोण सांगणार, खाली या म्हणून?"

"तुम्ही फक्त बघा, बाबा. देव असेल तर मी अडवणार नाही."

तो आला. पाडा आधीच जमला होता, खोलीत आणि अंगणात. हाल्याने आधी चहा मागितला, तो प्यायला, मग बरणीसमोर बसला आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवल्यासारखं करत विचारलं, "काय गो? देव आहेस की बरणी?"

हाल्याने कान पुढे केला.

"देव असशील तर बोल. बरणी असशील तर गप्प बस."

बरणी गप्प बसली.

"बघा," हाल्या म्हणाला आणि उठायला लागला.

"असं कसं?" लडक्या उसळला. "देव विचारल्याबरोबर बोलतो होय? तांदूळ टाका."

हाल्याने उसासा टाकला, सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटाने जोड्या लावल्या, मोडल्या, परत लावल्या. तानी सैपाकघराच्या दारात, भिंतीला टेकून उभी होती. दाणे जुळले तर संपलं.

"दाणे म्हणतात," हाल्या सूप खाली ठेवत म्हणाला, "न्यायचा तर न्या. पण देव नुसता उचलून बसवत नाहीत, त्याला नवसाचा आधार लागतो. ज्याने ज्याने इथे मागितलंय, त्याने चारचौघांत मोठ्याने सांगायचं, काय मागितलं आणि पावल्यावर काय देणार. मी बांधून घेतो. मग उचलू." त्याने लडक्याकडे बघितलं. "तुझाच उत्साह जास्त. बोल."

लडक्याने तोंड उघडलं. समोर, दोन हातांवर, सुरज बसला होता. लडक्याने तोंड मिटलं.

"बोल ना. काय मागितलंस?"

"मी?" लडक्या म्हणाला. "मी कुठे काय मागितलं? मी नुसता बघायला आलो होतो."

सैपाकघराच्या दारात तानीने पदर तोंडाशी धरला.

"सुरज, तू?"

कुठूनतरी लडक्याचा कोंबडा आरवला. सुरज म्हणाला, "मी पण. बरणी चांगली आहे असं ऐकलं होतं."

"नवशी?"

नवशीची सून तिच्या शेजारीच, मूल मांडीवर घेऊन. नवशी म्हणाली, "मला कसली हौस मागायची? सगळं आहे घरात. सोन्यासारखी सून आहे. बघायलाच आले होते मी. तो नारळ जास्तीचा होता."

हाल्या एकेकाला विचारत गेला. आख्खा पाडा नुसता बघायला आला होता. एवढी बघे मंडळी एका बरणीसाठी मॅडमच्या मुंबईतही जमली नसती.

"म्हणजे मागितलं कुणीच नाही," हाल्या सूप उचलत म्हणाला.

"मी मागितलं."

बायजी खुर्चीतून उठली होती. "देव असो का मडकं, मी त्याच्यासमोर खोटं बोलणार नाही. मी मागितलं की माझ्या सुनेचं हे भांड्यांचं खूळ जाऊ दे. कोपऱ्यातलं सगळं खापर घराबाहेर जाऊ दे."

तानीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. लडक्याच्या चेहऱ्यावर परत तेज आलं.

"पावल्यावर काय देशील?" हाल्याने विचारलं.

"कोंबडा."

"बरं. म्हणजे ही सगळी भांडी जाणार." त्याने बरणीवर बोट ठेवलं. "ही पण?"

बायजीने बरणीकडे पाहिलं.

"भांडंच आहे की ते. तू मागायचं आणि त्याने स्वतःलाच घराबाहेर काढायचं. चालेल त्याला. कुठे टाकायची हिला?"

"टाकायची कशाला?" बायजी एकदम म्हणाली. "ही सोडून."

"सोडून कशी? आत्ता तर सगळं म्हणालीस."

"म्हणाले. तेव्हा मी नुकतीच बसायला लागले होते हिच्याजवळ." म्हातारी चिडली होती आणि कुणावर ते तिलाच कळत नव्हतं. "दिवसभर मी बघते ना हिला. दुपारी हिच्यावर ऊन येतं. तेव्हा ती पोटाशी कशी दिसते, तुम्हाला काय ठाऊक? पिकलेल्या चिकूसारखी दिसते. उंबराखाली नेऊन शेळ्यांना देणार होय रे, लडक्या? आवडते मला ती. झालं?"

हाल्या भगताने बायजीकडे बघितलं, मग तानीकडे, मग तांदळाचे दाणे हाताने एकत्र करून पिशवीत भरले.

"मग बरणीच आहे," तो म्हणाला. "देव कुणाला आवडत नाही. देवाला लोक भितात."

आणि गुडघे धरत उठला. त्याच्या डोक्यावर एक देव कमी झाला होता, जाताना तो जवळजवळ पळत गेला.

शेंदूर तानीनेच काढला. आधी हात जोडले, कुणी रागावू नये म्हणून, मग खोबरेल तेलाचा बोळा घेऊन कान पुसला. बायजी कंदिलासारखा मोबाईल धरून शेजारी उभी, "तिथे राहिलंय, तिथे, आंधळी आहेस का" करत. बोंबील काढले, त्यांचं कालवण केलं. पुढच्या मंगळवारी तानी महालक्ष्मीला जाऊन नारळ फोडून आली. तिच्यापुरतं उत्तर मिळालं होतं. ते रांगेतल्या माणसाच्या तोंडून आलं, तर तिची काही तक्रार नव्हती.

पाड्याची एक अडचण मात्र राहिली होती. त्या दिवशी ज्यांनी चारचौघांत बघायला आलो म्हणून सांगितलं, त्यांना एकदम यायचं बंद करता येईना. बंद केलं असतं तर मागायला येत होते हे उघड झालं असतं. म्हणून भगत येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लडक्या आला. दारात चपला काढू की नको, यातच त्याचा वेळ गेला.

बायजी खुर्चीतच होती. "ये. बघ."

लडक्या बरणीसमोर उभा राहिला. हात आपोआप जोडायला वर निघाले, ते त्याने मध्येच थांबवले आणि त्यांचं काय करावं न कळून पाठीमागे नेऊन ठेवले.

"किती वेळ बघायचं, काकी?"

"बघ की. तुझी कोण वाट बघतंय?"

तानी चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि लादीवर, आपल्या जागेवर बसली. लडक्या मान वाकडी करून बघत होता.

"तानीवहिनी," तो जरा वेळाने म्हणाला, "ह्या जनावराचा एक पाय लहान झालाय का ग?"

"लहानच आहे," तानी म्हणाली. "मागच्या बाजूला ये, शेपटी बघ."